पाचवा माणूस: नवशिक्या आंदोलकांसाठी चेंबूरची मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अगदी नवख्यांसाठी आहे. ज्यांनी आजवर फक्त सोसायटीच्या वार्षिक सभेत आवाज चढवला, रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घातला आणि तेवढ्या पूर्वतयारीवर आता थेट सरकारला जाब विचारायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी. जुन्या आंदोलकांनी ती वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांच्या माळ्यावर पिशव्या भरून कागद पडले आहेत, आधी ते आवरावेत.

चेंबूरच का, तर एक म्हणजे मी इथे राहतो. आणि दुसरं, आंदोलनाला लागणारा कच्चा माल आमच्याकडे भरपूर आहे. दोन तेलशुद्धीकरण कारखाने, एक खतांचा, रसायनं साठवायच्या टाक्या, एका बाजूला देवनारचा कचऱ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला अणुसंशोधन केंद्र. वारा फिरला की खिडकी लावून घ्यायची, हे इथल्या मुलाला बाराखडीच्या आधी येतं. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणायचा विनोद इतका जुना झाला आहे की आता तो कुणी हसण्यासाठी करत नाही, पत्ता सांगण्यासाठी करतात.

तर सुरुवात माणसं मोजण्यापासून.

मुंबईत जमावबंदी लागू आहे का, हा प्रश्न नवशिक्याचा. ती नसते कधी, हा जाणत्याचा. पोलीस आयुक्तालयातून आदेश निघतो, त्याची मुदत संपते, नवा निघतो. पाच किंवा अधिक माणसांनी जमायचं नाही, मिरवणूक काढायची नाही, भोंगा लावायचा नाही. अपवादांची यादी मात्र मोठी मायाळू असते: लग्नसमारंभ, अंत्ययात्रा, सहकारी संस्थांच्या सभा, सिनेमागृहं. म्हणजे मांडवात पाचशे जण पंगतीला बसले तरी सुव्यवस्थेला धक्का नाही. वॉर्ड ऑफिसच्या दाराशी मात्र चौघं उभे असले तर ते नागरिक, पाचवा आला की जमाव. आमच्या अनुभवात हा पाचवा माणूस नेहमी उशिरा येतो आणि लांबूनच हात हलवत येतो. त्याला स्टेशनजवळच थांबवायला एक माणूस ठेवा. तो माणूस मोजणीत धरायचा नाही.

इथे बऱ्याच जणांना युक्ती सुचते की, फलक न धरता वरातीसारखं जाऊ. जाऊ नका. हे आंदोलन आहे ही गोष्ट लपवायची नाही, हा यातला सर्वांत अवघड नियम आहे आणि तो जुना आहे. १९३० साली इथून हाकेच्या अंतरावरच्या वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो लोकांनी धाडी घातल्या. त्या चोरून नव्हत्या. तारीख आधी जाहीर होती आणि पोलीस आधीच येऊन उभे होते. लोक गेले, लाठ्या खाल्ल्या, मूठभर मीठ उचललं, पकडले गेले. कायदा मोडला तो दिवसाढवळ्या, आणि शिक्षा झाली तर ती भोगायची तयारी ठेवून. जुलै २०२५मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यातल्या बेकायदेशीर कृत्यांच्या व्याख्येत कायद्याची आणि कायद्याने स्थापलेल्या संस्थांची अवज्ञा करणं, तिला उत्तेजन देणं हेही येतं. नवशिक्याने ती व्याख्या एकदा सावकाश वाचावी आणि वडाळ्याचं मीठ तिच्यात बसतं का, हे स्वतः ताडून पाहावं. मला तरी ते चपखल बसताना दिसतं.

परवानगीचा अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात द्यायचा. विषय, दिवस, वेळ, अंदाजे संख्या, भोंगा आहे की नाही, आणि जबाबदार व्यक्तीचं नाव. शेवटचा रकाना आला की मंडळातले सगळे एकदम चपला शोधू लागतात. ज्याला चप्पल सापडत नाही, त्याचं नाव जातं. पुढे त्याच्याच घरी नोटीस येते. पूर्वी तिला ‘एकशे एकोणपन्नासची’ म्हणत. १ जुलै २०२४पासून नवी संहिता आली आणि तीच ‘एकशे अडुसष्टची’ झाली, पण नाक्यावर अजून जुनंच नाव चालतं. काही अनुचित घडल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल, असं तिच्यात असतं. घाबरू नका. तुमची दखल घेतल्याचा शासनाकडून आलेला हा पहिला, आणि पुष्कळदा शेवटचा, कागद असतो. सही करून घ्या, दोन झेरॉक्स काढा.

ताब्यात घेतलं तर गाडीत स्वतःच्या पायांनी चढा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या अडुसष्ट-एकोणसत्तर कलमांखाली नेतात, नावं-पत्ते लिहून घेतात आणि बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत सोडतात. हवालदाराशी हुज्जत घालू नका, शिवी तर नाहीच. तो सकाळपासून उभा आहे. पोलीस वसाहतीतल्या त्याच्या घराला ओल आलेली असू शकते आणि त्याला तुमच्यासारखी संघटना काढून मोर्चा नेता येत नाही. गाडीत त्याला पाणी विचारा. आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं होतं. तो म्हणाला, “ताई, तुमच्याकडे लाडू आहेत ना मघाचे?”

आता साहित्य. सतरंजी, पाण्याचे कॅन, कापडी फलक (फ्लेक्स नको, पर्यावरणाच्या मोर्चात तो वाईट दिसतो), ओआरएसची पाकिटं, आणि घरातली एखादी वस्तू. ही वस्तू नीट निवडा. १९७२च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महिला समितीने लाटणी निवडली आणि मंत्र्यांना पोळपाट-लाटण्याची भीती वाटू लागली. गोरेगावच्या त्याच मृणालताईंना पाण्यासाठी लढता लढता ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडलं आणि १९७७मध्ये त्या लोकसभेवर गेल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा निघाली. हल्ली लोक मोबाइलचा दिवा लावून उभे राहतात. दिसायला बरं दिसतं, पण लाटण्याचा आवाज त्याला नाही.

खरं शस्त्र मात्र वेगळंच आहे. ते म्हणजे आवकचा शिक्का.

निवेदन दोन प्रतींत न्यायचं. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. याला पोच म्हणतात. पोच मिळाल्याखेरीज खिडकी सोडायची नाही. खिडकीतला माणूस “काका, ठेवून जा, साहेबांना दाखवतो,” असं अतिशय प्रेमाने म्हणेल. हे प्रेम हाच पहिला अडथळा आहे. लाठीपुढे माणूस ताठ उभा राहतो, पण “काका, ऊन किती आहे, बसा ना,” म्हटल्यावर तो विरघळतो आणि पोच न घेता घरी येतो. मी आलो आहे. एका कार्यालयात (कुठलं ते राहू दे) आमच्या गल्लीतल्या उघड्या गटाराचा अर्ज मी असाच ठेवून आलो. दोन महिन्यांनी गेलो तर असा अर्ज आलाच नाही म्हणाले, आणि पुन्हा बसायला खुर्ची दिली. मग माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि गटाराचा इतिहास, भूगोल, त्यात पडलेल्या दोन स्कूटरींची हकिकत असं सगळं लिहिलं. अर्ज परत आला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. माझ्या प्रस्तावनेतच दीडशे संपले होते.

तेव्हा हे पाठ करा. ‘गटार का दुरुस्त केलं नाही?’ असं विचारायचं नाही, कारण ‘का’ ही माहिती नव्हे. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत रोज काय कार्यवाही झाली, तो कुणाकुणाच्या टेबलावर किती दिवस होता, त्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असं विचारायचं. तीस दिवस थांबायचं. उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. हा कायदा देशाला २००५मध्ये मिळाला. महाराष्ट्राने त्याआधीच स्वतःचा केला होता आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी अण्णा हजारे २००३मध्ये आझाद मैदानात उपोषणाला बसले होते. म्हणजे प्रश्न विचारायची सोय मिळावी म्हणूनसुद्धा आधी कुणीतरी उपाशी राहिलं आहे. तुम्हाला फक्त स्टॅम्प चिकटवायचा आहे.

आझाद मैदानाचं नाव निघालं म्हणून सांगतो. मुंबईत मोठं काही करायचं तर शेवटी तिथेच जावं लागतं. चेंबूरहून हार्बरने थेट सीएसएमटी, त्यामुळे आपल्याला सोय आहे. मैदानाला वेळापत्रक असतं. ऑगस्ट २०२५मध्ये मराठा आंदोलनाला परवानगी मिळाली ती पाच हजार माणसांची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. असंतोष कार्यालयीन वेळेत व्यक्त करावा, अशी अपेक्षा दिसते.

पण रात्री चालत गेलेल्यांचं सांगितल्याशिवाय कुठलीच मार्गदर्शिका पुरी होणार नाही. मार्च २०१८मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला. वनजमिनीचे पट्टे आणि कर्जमाफी या त्यातल्या मोठ्या मागण्या. पाच-सहा दिवस उन्हातून चालत हजारो शेतकरी आणि आदिवासी ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने, मुलुंड, घाटकोपर करत, ११ तारखेला आपल्या शेजारच्या सोमय्या मैदानावर उतरले. कित्येकांच्या तळव्यांची सालं निघालेली. सकाळी विधानभवनाकडे जायचं ठरलेलं होतं आणि सकाळीच दहावीचा पेपर होता. इतकी माणसं दिवसा रस्त्यावर आली असती तर मुलं केंद्रावर पोहोचली नसती. म्हणून दिवसभर चाललेले ते लोक मध्यरात्रीनंतर पुन्हा उठले आणि अंधारात चालत पहाटे आझाद मैदानात जाऊन बसले. घोषणा नाहीत, झोपलेल्या मुंबईला पत्ता नाही. वाटेत लोकांनी पाणी, बिस्किटं, चपला दिल्या. त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत मोर्चा म्हटलं की ‘पुन्हा ट्रॅफिक’ म्हणणारे माझे शेजारीसुद्धा त्या दिवशी गप्प होते.

नवशिक्याने या रात्रीतून दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली, आपलं भांडण ज्याच्याशी नाही त्याला त्रास द्यायचा नाही, मग त्यासाठी आपली झोप गेली तरी चालेल. दुसरी, त्या लोकांनी १२ तारखेला आश्वासन घेतलं ते लेखी. पोच! तरीही फेब्रुवारी २०१९मध्ये त्यांना पुन्हा नाशिकहून चालत निघावं लागलं आणि मार्च २०२३मध्ये आणखी एकदा. तेव्हा पोच घेतली म्हणजे काम झालं, असं मी म्हटलेलं नाही. पुढच्या वेळी कुठल्या कागदावर बोट ठेवायचं, एवढं तिच्यामुळे कळतं.

शेवटचा धडा बसण्याचा. तो आमच्या माहुलकडून शिका.

तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजू मोकळ्या करायच्या म्हणून महापालिकेने विद्याविहार, घाटकोपर अशा ठिकाणच्या झोपड्या पाडल्या आणि हजारो कुटुंबांना माहुलला, कारखान्यांच्या कुंपणालगतच्या इमारतींत आणून सोडलं. सव्वादोनशे चौरस फुटांचं पक्कं घर. कागदावर नावं ठेवायला जागा नाही. फक्त तिथली हवा कागदावर आधीच होती. केईएम रुग्णालयाच्या २०१३च्या पाहणीत माहुल-आंबापाड्याच्या जवळजवळ ६७ टक्के लोकांना वरचेवर धाप लागत असल्याचं निघालं होतं. गावातल्या चार रहिवाशांनी हरित लवादाकडे दाद मागितली होती आणि डिसेंबर २०१५मध्ये लवादाने ही हवा आरोग्याला धोका आहे असं म्हणून ठेवलं होतं. असं असूनही माणसं आणली गेली. मग खोकला, अंगावर चट्टे, क्षयाच्या गोळ्या, आणि पोरांची शाळा मात्र जुन्याच वस्तीत, म्हणून रोजचा बसचा खर्च.

या लोकांनी काय केलं? ऑक्टोबर २०१८मध्ये ते विद्याविहारला, जिथे त्यांची घरं पाडली होती त्याच जलवाहिनीशेजारच्या फुटपाथवर, येऊन बसले. बसले म्हणजे राहिलेच. पावसाळा काढला. स्वयंपाक तिथे, पोरांचा अभ्यास तिथे, बैठका तिथे. दगड उचलला नाही. पिशवीत दवाखान्याचे कागद जमवत राहिले आणि तेच कोर्टात गेले. सप्टेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की माहुलला राहण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. आणि ऑगस्ट २०२०मध्ये हरित लवादाने हवा बिघडवल्याबद्दल तिथल्या चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई लावली. गावातल्या चौघांचा तो जुना अर्ज एवढा वाढला होता.

सगळ्यांना घरं मिळाली का? नाही. म्हणून सतरंजी चांगल्या प्रतीची घ्या, असं मी वर म्हणायला हवं होतं.

माहुलच्या त्या इमारतींत रिकामी पडलेली ९,०९८ घरं महापालिकेने २०२५ साली आपल्याच तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना विकायला काढली. मुंबईत, या किमतीत, घर. अर्ज इतके थोडे आले की मुदत वाढवावी लागली. हे घर नको म्हणायला त्या कर्मचाऱ्यांना कुठल्याही पोलीस ठाण्याची परवानगी काढावी लागली नाही.