लक्ष्मी, वजन करून

पाँपेईच्या अवशेषांतून 1938 मध्ये 'लक्ष्मी' म्हणून ओळखली जाणारी एक भारतीय हस्तिदंती बाई निघाली. वीतभर उंची, अंगावर दागिने भरपूर, कपड्यांचा मात्र जवळपास पत्ता नाही. तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती पुढे आमच्या भोकरदनच्या उत्खननातही सापडली, म्हणून काही अभ्यासक तिचं माहेर इकडंच धरतात. माहेर जालना जिल्ह्यात, सासर थेट इटलीत, आणि गावात कुणाला खबर नाही! माझ्यातला चित्रकला शिक्षक पेटला. सळई कारखान्यांच्या भंगारातून तिचा पुरुषभर उंच पुतळा करायचं ठरलं.

पैशाचं काय? 'जालना सोने का पालना' म्हणतात; दोरी कुणाच्या हातात आहे, एवढंच बघायचं होतं. नाटकवाल्या मित्रानं कानमंत्र दिला, "प्रस्ताव सगळ्यांना एकच पाठवू नको. देणाऱ्याच्या मापानं शिव."

शिवला. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत कला-वारसाही आहे. तेवढं लिहून थांबलो असतो तर मी कसला! कारखान्यासाठी बाईच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि तिला सुरक्षा सप्ताहाची दूत केली. गणेश मंडळासाठी नऊवारी नेसवून 'लक्ष्मी निघाली रोमला' हा देखावा. शाळेसाठी हातात पेन, विषय मुलींचं शिक्षण. अंदाजपत्रकातला वेल्डरही जागा बघून बदलला: कारखान्यात तो 'कौशल्य विकास', मंडळात 'सजावट', शाळेत 'पालक सहभाग'. बिचारा आमचा वेल्डर अविवाहित.

बोलावणं आलं ते एकाच शेठजींचं. टेबलावर माझ्या तिन्ही फायली शेजारी-शेजारी. कारखाना त्यांचा, मंडळाचे आश्रयदाते ते, शाळेच्या संस्थेचे कोषाध्यक्षही तेच. जालन्यात देणारे चार आणि खुर्च्या चाळीस, हे हिशेबात घ्यायचं राहूनच गेलं होतं.

"सर, बाई एकच ना?"

"हो शेठजी."

"मग वेल्डिंगचा खर्च तीनदा?"

मी विषय इतिहासाकडं वळवला. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन; तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत, दोन हजार वर्षं टिकलीत, वगैरे. शेठजी पुढं सरकले. "नाव केवढं कोरलंय?"

"एखादी ओळ असते."

"फोटो नाही?"

"तेव्हा पद्धत नव्हती."

शेठजींचा विरस झाला, पण माणूस दिलदार. पैसे नाही, भंगार मिळालं. तेही काट्यावर वजन करून, परतीच्या बोलीवर. गेटपासवर मुनीमजींनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'भंगार, परतीचे. कारण: कला.'

दहा दिवस ती बाई मंडळात उभी राहिली. तिन्ही फायलींचा मान राखायचा म्हणून नऊवारी, हेल्मेट आणि पेन, सगळं एकदम. बायका ओटी भरायला आल्या आणि हेल्मेट पाहून घुटमळल्या. एका आजीबाईंनी तरीही हळद-कुंकू लावलंच. "लाइटीच्या ऑफिसातली दिसते, लई राबते," म्हणाल्या. पाँपेईचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मी काढलं, तर मंडळाच्या पोरांनी ते वर्गणीच्या पावतीवर 'पाम्पे पाटील' असं घेतलं.

विसर्जनानंतर बाई परत काट्यावर. ग्राइंडरनं घासून घासून तिचं तेज वाढलं होतं, वजन घटलं होतं. "नऊवारी उतरवून मोजा," मुनीमजी म्हणाले आणि घट माझ्या नावावर मांडून मोकळे झाले. दुपारपर्यंत बाई भट्टीत होती.

सध्या मुंबईच्या एका कलादालनासाठी नवा प्रस्ताव शिवतोय. विषय: नश्वरता. कलाकृती संकल्पनेनुसार वितळली असल्यानं पाठवता येत नाही, मानधन तेवढं पाठवावं, असं लिहिलंय. आणि वेल्डर या खेपेला 'सहकलावंत' आहे.