मेड इन किनवट

‘वर्ल्ड टूर’मधलं वर्ल्ड फार छोटं असतं. भारतापुरतं बोलायचं तर ते मुंबईला सुरू होतं आणि बेंगळुरूला संपतं. मध्ये जो काही मुलूख लागतो, त्याच्यावरून बँडवाल्यांचं विमान जातं. आता त्या मुलखाच्या एका कोपऱ्यात, पैनगंगेकाठी, आमचं किनवट बसलंय, त्याला ते बिचारे काय करणार!

‘आयर्न मेडन’चंच घ्या. 1975 साली लंडनमध्ये निघालेला बँड. पन्नाशी गाठली तरी दौरे चालूच. 1 फेब्रुवारी 2008 रोजी या मंडळींनी जगदौऱ्याचा नारळ मुंबईत फोडला, वांद्रे-कुर्ला संकुलात. बोइंग 757 भरून माणसं नि सामान, आणि विमान चालवायला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. आमच्याकडच्या गायन पार्टीतही पेटीवालाच जीप चालवतो. पण त्याला कुणी कॅप्टन म्हणत नाही, उलट डिझेलच्या पैशावरून घासाघीस करतात.

या दौऱ्यावरचा ‘फ्लाइट 666’ हा चित्रपट आणि त्याच नावाचा लाइव्ह अल्बम 2009 मध्ये आला. अल्बममध्ये प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. मुंबईच्या वाट्याला ‘एसेस हाय’. पाचेक मिनिटं. त्या पाच मिनिटांत घसा फोडून ओरडणारी आपली पोरं आता जगभर वाजतात. मानधन शून्य.

लाइव्ह म्हणून विकलेलं सगळंच जिवंत असतं असंही नाही. ‘किस’ बँडचा 1975 चा ‘अलाइव्ह!’ या जातीतला गाजलेला नग. पुढे बँडवाल्यांनीच कबूल केलं, की स्टुडिओत बसून बरीच डागडुजी केली होती. मंत्र्यांचा दौरा ठरला की रात्रीतून खड्डे बुजतात, तसलाच हा कारभार. आमच्या जयंतीच्या गायनाच्या रेकॉर्डिंगमध्ये ही लबाडी जमणार नाही. गाणं ऐन रंगात येतं आणि निवेदक मध्येच घुसतो, ‘अमक्या साहेबांकडून गायकाला एकशे एक रुपये बक्षीस!’ मागे जनरेटर धडधडतोय, पुढे कुणाचं तरी पोर रडतंय. शंभर टक्के लाइव्ह.

‘डीप पर्पल’ या बँडला तर लाइव्ह अल्बम काढायची फारशी हौसही नव्हती. हट्ट धरला तो जपानच्या रेकॉर्ड कंपनीने. 1972 च्या 15, 16 आणि 17 ऑगस्टला ओसाका नि टोकियोत टेप फिरली, तीही ‘माल जपानपुरताच’ या बोलीवर. तोच ‘मेड इन जपान’ पुढे त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या अल्बमांत जाऊन बसला. वाजवणारा वाजवून निघून जातो. टिकतं ते कुणीतरी वेळेवर बटण दाबलं म्हणून.

आमच्याकडे टंचाई आहे ती या बटणवाल्यांची. दौऱ्यांची नाही. दिवाळी आली की किनवट-माहूरपासून आदिलाबादपर्यंतच्या गोंड गुड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, दंडारी निघते. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी, असा घुसाडी पुढे. ढोल, तुडुम, पेपरे वाजवत या गावची मंडळी त्या गावची पाहुणी होतात आणि रात्र नाचून काढतात. तिकीट नाही, स्पॉन्सर नाही, काळ्या बाजारात पास नाही. हा नाच शिकवणाऱ्या मारलवाईच्या कनक राजूंना 2021 ची पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे सुशिक्षितांनी ‘हे काय असतं?’ म्हणून विचारलं.

आणि रेकॉर्ड? 1940 च्या दशकात हायमेंडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ याच मारलवाईत येऊन राहिला. त्याने गोंडांवर ग्रंथ लिहिले, ढिगाने फोटो काढले, फिल्म घेतल्या. त्याचा संग्रह आज कुठे आहे? लंडनच्या सोआस संस्थेत. म्हणजे आयर्न मेडनच्याच गावी! लंडनवाल्यांनी मुंबईत येऊन स्वतःचं रेकॉर्डिंग नेलं, ते समजू शकतो. इथे आमचंही त्यांच्याच कपाटात.

कुणी म्हणेल, आता मोबाइल आलेत की! आलेत ना. दंडारीपुढे पन्नास हात वर असतात. प्रत्येकाच्या व्हिडिओत अर्धी जागा पुढच्याच्या मोबाइलने खाल्लेली, उरलेल्या अर्ध्यात मेहुणा हात हलवतोय. मग पेपरेवाल्याचा आवाज बंद करायचा, वर सिनेमातलं गाणं चिकटवायचं आणि स्टेटसला टाकायचं. चोवीस तासांनी स्टेटस जातं. मोबाइलची जागा भरली की मूळ व्हिडिओही जातो. लग्नातल्या पंगतीचे तेवढे राहतात.

उपाय काही फार महाग नाही. यंदाच्या वर्गणीत डीजेच्या भिंतीचे दोन डबे कमी करा. त्या पैशात एक बरा माइक घ्या आणि त्याच्यामागे एक शहाणं पोरगं बसवा. सुरुवातीलाच गाणाऱ्याचं नाव, वाजवणाऱ्यांची नावं, गाव आणि तारीख बोलून घ्या. जपानची कंपनी येईल म्हणून थांबू नका, तिला आमच्याकडचं बोधडी कुठे नि इस्लापूर कुठे हे ठाऊक नाही. आणि बक्षीसवाल्यांची नावं मात्र अजिबात कापू नका. स्वतःचं नाव ऐकण्यापुरतं का होईना, निम्मा तालुका ते रेकॉर्डिंग जपून ठेवील.