किडीचे दात

पनवेलकराला भाताविषयी विचारा. आधी तो जुन्या भातगिरण्यांची आठवण काढेल, मग त्या जागेवर कुठला टॉवर उभा राहिला ते सांगेल. 2016 साली महानगरपालिका आली, टॉवरना परदेशी गावांची नावं मिळाली. पनवेलचं नाव लावायला भातच पुढे आला. इथल्या खारभूमी संशोधन केंद्राने खारवट जमिनीत तग धरणारे जे वाण काढले ते पनवेल-1, पनवेल-2 आणि पनवेल-3.

तांदळाचं कौतुक सगळेच करतात. मला जास्त कुतूहल त्याच्या अंगावरून उतरलेल्या तुसाचं. शंभर किलो भात भरडला की वीसेक किलो तूस निघतं. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, आणि कुजायचं तर ते मनावरच घेत नाही. हा हट्ट सिलिकेचा. भाताचं रोप जमिनीतून भरपूर सिलिका ओढून घेतं आणि पानात, खोडात, तुसात चिलखतासारखी साठवतं. आपण ते चिलखत उतरवून गिरणीमागे टाकतो.

कोकणात चारसूत्री भातलागवड रुजवणाऱ्या डॉ. नारायण सावंतांनी ते शेतात परत नेलं. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख मिसळायची, हा त्यातल्या पहिल्याच सूत्राचा भाग. वर्षानुवर्षं राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला राखेचं महत्त्व कोणी नव्याने सांगायला नकोच होतं. ही राख फक्त गिरणीतून यायची, इतकंच. तिच्यातली सिलिका मिळाली की रोप ताठ होतं, पान खरखरीत होतं, आणि खोडकिड्याच्या अळीला खोड कुरतडताना खडे लागतात. तिचे दात, म्हणजे जबडे, चक्क झिजतात!

गंमत म्हणजे आमच्या आजीच्या पिढीने याच तुसाची राखुंडी करून जन्मभर दात घासले. तिथे ते चकचकीत झाले, इथे अळीचे बोथट. अळीने तक्रार करावी तरी कुणाकडे?

एक पथ्य मात्र आहे. राख काळी हवी, अर्धवट जळलेली. फार तापून पांढरीफटक झाली की सिलिकेचे स्फटिक होतात आणि ती पिकाला सहजासहजी मिळत नाही. लग्नाच्या जाहिरातींनी अजून न मानलेली गोष्ट भाताच्या रोपाने कधीच मानली आहे.

अडचण आहे ती मिळवण्याची. वीटभट्ट्यांना तूस हवं, बॉयलरला तूस हवं. कोंड्याचा मांडा करणारे एकाएकी फार झाले. पूर्वी गिरणीवाला म्हणायचा, ‘‘न्या हो, तेवढीच जागा मोकळी होईल.’’ आता राखेचं नुसतं नाव काढलं तरी तो वजनकाटा पुढे सरकवतो.