अभिप्रायाचा आहेर

साडेतीन हजार शब्दांची कथा सकाळी साहित्यप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटावर पडली आणि अकराव्या सेकंदाला पहिला अभिप्राय आला, 'अप्रतिम!' पाठोपाठ 'निःशब्द', 'अंतर्मुख केलंत ताई', 'लेखणीला सलाम'. जेवणाच्या वेळेपर्यंत त्रेचाळीस अभिप्राय झाले. त्यातली एक 'भावपूर्ण श्रद्धांजली' दुसऱ्याच कुठल्या गटावर जायची, ती चुकून इकडे आली होती. पण कथेत पहिल्याच परिच्छेदात नायिकेचे काका वारतात, तेव्हा सगळ्यांत सुसंबद्ध अभिप्राय तोच म्हणायला हवा.

हेच वारलेले काका उत्तरार्धात ओसरीवर बसून चहा मागतात. साखर कमी घाल, असंही बजावतात. मधल्या भागात नायिका स्वारगेटहून चिपळूणची एसटी पकडते आणि आंबा घाटात तिला उलटी होते. त्रेचाळिसांतल्या एकालाही ना काकांचं नवल वाटलं, ना गाडीची काळजी. चव्वेचाळिसावा अभिप्राय आला तो एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा. त्यांनी चक्क कथा वाचली होती. 'ताई, कथा चांगली जमली आहे. फक्त चिपळूणची गाडी पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरते. आंबा घाट कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर. मुलगी चुकीच्या गाडीत बसली का? आणि काका पहिल्या पानावर गेले होते ना?'

गटावर सुतक पसरलं. मग ॲडमिननी 'वातावरण सकारात्मक ठेवूया' असं आवाहन केलं. लेखिकाबाईंनी खुलासा केला, की तो घाट रस्त्यावरचा नसून मनातला आहे. काकांच्या बचावासाठी कुणीतरी जादुई वास्तववाद आणला. संध्याकाळी नियंत्रकसाहेबांना गटातून काढण्यात आलं आणि त्या निर्णयालाही सहा जणांनी 'अप्रतिम' म्हटलं.

यात ज्याला काही विपरीत वाटत असेल त्याला या व्यवहाराची रीतच कळलेली नाही. हा आहेर आहे. कार्यालयाच्या कोपऱ्यात एक आतेभाऊ वही घेऊन बसतो, पाकीट फोडतो, नाव आणि आकडा लिहितो; उद्या त्यांच्या घरच्या कार्यात तेवढंच परत करायचं. अभिप्रायाचंही तसंच. मी तुमच्या चारोळीला 'व्वा' दिलं, तुम्ही माझ्या गझलेला 'क्या बात' द्यायचं. 'क्या बात'च्या बदल्यात नुसता अंगठा आला की धुसफूस सुरू होते, आणि सणासुदीला दोन ओळींचा अभिप्राय अपेक्षित असतो. यात वाचण्याचा संबंध येतोच कुठे? उलट एखाद्याने वाचून अभिप्राय दिला, तर आपल्यालाही त्याचं वाचावं लागेल या धास्तीने माणूस हवालदिल होतो.

छापील जगात हे फार वेगळं आहे असं समजू नका. तिथे 'प्रातिनिधिक काव्यसंग्रह' नावाचा प्रकार असतो. साठ कवी, प्रत्येकी दोन कविता, प्रत्येकाने ठरावीक पैसे भरायचे आणि प्रती घ्यायच्या. पुस्तक हाती आलं की प्रत्येक जण अनुक्रमणिकेत स्वतःचं नाव शोधतो, त्या पानाचा फोटो काढतो आणि प्रत शोकेसमध्ये ठेवतो. संग्रहाची प्रत्येक प्रत उघडली जाते, पण एकाच पानावर. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही निर्दोष योजना आहे: लेखक, गिऱ्हाईक आणि वाचक एकाच देहात. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा बिचाऱ्यांना वाचक बाहेरून शोधावे लागले होते.

प्रकाशन समारंभातले प्रमुख पाहुणे तर हल्ली प्रामाणिक झाले आहेत. 'पुस्तक सकाळीच हाती पडलं, गाडीत चाळलं' असं सांगून ते पुढे चाळीस मिनिटं पुस्तकावर बोलतात. मुखपृष्ठ, बांधणी आणि अर्पणपत्रिका एवढ्या ऐवजात चाळीस मिनिटं काढणं सोपं नाही. हे खरे व्यासंगी.

वाचक जोडण्याची कला पूर्वीच्यांना अवगत नव्हती असं मात्र नाही. आगरकरांचंच बघा. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला, आणि लेखन वाचकांपर्यंत इतकं पोचलं, की पुण्यातल्या सनातन्यांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. विचार करा: तिरडी बांधायची, खांदेकरी जमवायचे, भर रस्त्यातून न्यायचं. केवढा हा खटाटोप! अंगठा दाखवायला एक बोट पुरतं, इथे माणशी एक खांदा लागला. आणि हे सगळं कशासाठी, तर मजकूर शेवटपर्यंत वाचला होता म्हणून. आजच्या किती संपादकांच्या नशिबी अशी प्रेतयात्रा आहे?

किंवा १८८५ ची ग्रंथकार सभा घ्या. न्यायमूर्ती रानड्यांचं निमंत्रण आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपण का येणार नाही याची कारणं लिहून कळवली. आज असं कुणी करतं? आज लोक 'नक्की येतो' लिहितात, पुढे नारळ आणि फूल टाकतात आणि घरी बसतात. नकाराचं पत्र लिहायला आधी निमंत्रकांचं म्हणणं समजून घ्यावं लागतं, एवढा वेळ कुणाकडे आहे.

'सत्यकथा' तर या बाबतीत भाग्यवान. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन साभार परत करतानाही लेखकाला लांबलचक पत्रं लिहीत: इथे पात्र सैल पडलंय, तिथे शेवट ओढून आणलाय, पुन्हा लिहून पाठवा. म्हणजे न छापलेल्या कथेलाही एक वाचक मिळे. आणि १९६९ साली लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी त्याच मासिकाच्या अंकाची होळी केली. मराठी मासिकाला याहून धगधगीत प्रतिसाद मिळालेला नाही. न वाचलेलं मासिक जाळायला कुणी काडी खर्च करत नाही, ते रद्दीत जातं आणि त्याचे किलोवर पैसे येतात. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. भांडायला उठणारे निघून गेले की अंक चालवायचा कुणासाठी, असं मला आपलं वाटतं.

आता काळ बदलला. गेल्या महिन्यात 'अस्सल वाचक कसा जोडावा' या कार्यशाळेचं पत्रक हाती आलं. शुल्क पाचशे, चहा-बिस्किटांसह. विषय असे: शीर्षकात प्रश्नचिन्ह कुठे द्यावं, लेख रात्री नऊला टाकावा की मालिका संपल्यावर, आजीचा उल्लेख कितव्या ओळीत यावा, शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारण्याचे फायदे. समोरच्याला खरोखरच काही वाटलं तर काय करायचं, यावर सत्र नव्हतं. मी फोन करून विचारलं, तर आयोजक म्हणाले, 'साहेब, तशी केस अजून आमच्याकडे आलेली नाही.'

अगोदर नाव नोंदवणाऱ्यांना 'उत्कृष्ट वाचक' असं प्रमाणपत्र मिळणार होतं. मी शुल्क भरताच ते कार्यशाळेच्या आठवडाभर आधी घरपोच आलं. सोनेरी महिरप, सरस्वतीचं चित्र, खाली अध्यक्षांची सही. 'आपण अमुक पुस्तकाचे सखोल वाचन केल्याबद्दल' या ओळीत पुस्तकाच्या नावाची जागा कोरी ठेवली होती, ती ज्याने त्याने आपल्या सोयीने भरायची.