चळतीच्या भाषेत अल्पाक्षरी आज्ञावली रचण्याचा विधी

वसई-विरारच्या ज्या तरुणास आज्ञावली कमीत कमी बाइटांत बसविण्याचा, म्हणजे जाणकार ज्यास ‘कोड गोल्फ’ म्हणतात त्याचा, नाद लागला असेल, त्याने प्रथम चळतीवर चालणारी एखादी दुर्बोध भाषा पसंत करावी. माझी शिफारस बेफंजची. कारण ख्रिस प्रेसी यांनी १९९३ साली ती रचली तीच मुळी तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणे शक्य तितके दुर्घट व्हावे या हेतूने, आणि हेतूची इतकी स्वच्छ कबुली सरकारी परिपत्रकांतही आढळत नाही.

चळतीचा कायदा एवढाच की जो शेवटी आला तो प्रथम बाहेर पडतो. विरारला चढून चर्चगेटच्या गाडीत पार आत लोटल्या गेलेल्या आणि अंधेरीस उतरू इच्छिणाऱ्या गृहस्थास तो समजावून सांगावा लागत नाही. नालासोपारा, वसई रोड येथे मागून चढलेले दारात असतात व आधी उतरतात, आणि पुढच्यास ‘अंधेरी का?’ असे विचारून त्याच्याशी जी जागेची अदलाबदल होते, तिच्यासाठी बेफंजमध्ये उलटी तिरकी रेघ राखून ठेविली आहे.

आता १ पासून दिलेल्या संख्येपर्यंतची बेरीज मागितली आहे असे धरू. एकेक संख्या मिळवीत फेरे घालणे हे कारकुनी काम होय. त्यापेक्षा संख्येस तिच्या पुढच्या संख्येने गुणून निम्मे करावे, आणि लिहावे:

&:१+*२/.@

पहिले चिन्ह संख्या दाखल करून घेते, विसर्गाच्या रूपातले दुसरे तिची नक्कल काढते, मधली मंडळी हिशेब उरकतात, टिंब उत्तर छापते आणि शेवटचे चिन्ह दप्तर बंद करते. एकूण बाइट ९. अंक मात्र यंत्रावर इंग्रजीच टंकावेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक अंक ३ बाइट खातो, आणि एवढा मोबदला घेऊनही बेफंजला तो कळत नाही. नवाचे आठ करण्यात रात्र गेल्यास तिची नोंद कोठेही करू नये, कारण जमाखर्चात बाइट तेवढे धरतात.

इतक्यात कोणी इसम गोल्फस्क्रिप्टमध्ये हेच काम ६ बाइटांत, आणि दुसरा कोणी ०५एबी१ई नामक भाषेत एल व ओ या दोनच अक्षरांत करून दाखवील. अशा प्रसंगी स्पर्धा भाषानिहाय असल्याचे कलम त्यांच्या निदर्शनास आणून द्यावे.