सायखेड्याचे झाकमास्तर

सायखेड्याच्या चौकात साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की अर्धं गाव साहेबांचा चेहरा बघतं. उरलेलं अर्धं गाव खालच्या रांगेत आपला फोटो आलाय का ते शोधतं. झाकमास्तर दोन्ही करत नाहीत. ते चष्मा कपाळावर चढवतात, एक डोळा मिटतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "दहा पॉइंट मॅजेन्टा जास्त झालाय." एका वर्षी हे ऐकून कार्यकर्ते हादरले. साहेबांना नक्की काय झालंय, नाशिकला दाखवलं की थेट मुंबईला हलवलं, याची विचारपूस दोन दिवस चालली होती.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. पगारातले पैसे साठवून घेतलेला कॅमेरा आणि त्यात घातलेली स्लाइड फिल्म, हे त्यांचं एकमेव व्यसन. निगेटिव्हवाल्यांची त्यांना मनापासून कीव येते. निगेटिव्हवर काहीही पाप घडलं तरी प्रिंट काढताना लॅबवाला फिल्टर लावून ते झाकून टाकतो. स्लाइडला ती सोय नाही. कॅमेऱ्यात घातलेली तीच फिल्म धुऊन परत येते आणि तेच अखेरचं चित्र. "इथे सगळा रोखीचा व्यवहार," मास्तर म्हणतात, "उधारी नाही, घासाघीस नाही." त्यामुळे आकाशावर जरा हिरवट, डोंगरावर जरा जांभळट झाक आली की तिचा गुन्हेगार शोधणं हे मास्तरांना आपलं कर्तव्य वाटतं. लोकांनी नाव ठेवलं ते त्यावरून.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. ओसरीत दुधी काचेची पेटी आहे, आत ५००० केल्विनच्या नळ्या. कुणी भाबडेपणाने स्लाइड उचलून घरातल्या ट्यूबलाइटकडे धरली, तर देवघरात चप्पल घालून आल्यासारखे मास्तर ओरडतात. पेटी लावायची, खोलीतले बाकीचे दिवे घालवायचे, डोळे जरा स्थिरावू द्यायचे आणि मग भिंग. तेही चित्रावर नाही, किनारीवर. माउंट केलेली एकुलती स्लाइड त्यांना चालतच नाही, कारण माउंटमध्ये किनार झाकली जाते. न कापलेली पट्टी आणायची.

"किनारीवर उजेड पडलेलाच नसतो," ते समजावतात, "म्हणजे ती काळीकुट्टच हवी. ती हिरवट किंवा तपकिरी दिसली तर फिल्म शिळी नाहीतर धुणारा कच्चा. किनार काळी आणि चित्र निळं, तर दोष उजेडाचा, फिल्टरचा किंवा तुझा." तिसरा पर्याय उच्चारताना ते भिंगावरून वर बघतात.

धुणाऱ्यावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून ते स्वतः धुतात. ई-६ ही पद्धत १९७६ पासूनची. तिच्यात पहिल्या डेव्हलपरचं तापमान ३८ अंश लागतं आणि अर्ध्या अंशाचाही फरक चालत नाही. इकडे निफाड तालुका म्हणजे थंडीत राज्याच्या नीचांकासाठी पेपरात येणारा. पहाटे पारा चार-पाच अंशांवर असताना न्हाणीघरात बंब पेटतो, बादलीत बाटल्या उभ्या राहतात आणि मास्तर थर्मामीटर धरून उकिडवे बसतात. "मला ताप आला तेव्हा हा थर्मामीटर सापडत नव्हता," एवढंच काकू म्हणतात. फ्रीजमध्ये कैरीच्या लोणच्याशेजारी फिल्मचे डबे असतात, त्याबद्दल त्या काहीही म्हणत नाहीत. म्हणून झाल्यात.

मास्तरांचा अभ्यास मात्र खोटा नाही. नांदूरमध्यमेश्वरला रोहित पक्षी उतरतात तेव्हा अख्खा जिल्हा कॅमेरे घेऊन धावतो. एका डॉक्टरांनी तिथली संध्याकाळ दाखवायला आणली. पाणी गुलाबी, आभाळ गुलाबी, पक्षी गुलाबी. बघणारे वाहवा करत होते. मास्तरांनी कोपऱ्यातल्या एका बगळ्यावर भिंग ठेवलं. "रोहित गुलाबी, मान्य. संध्याकाळ गुलाबी, तेही मान्य. पण हा बगळा सावलीत उभा आहे, त्याला आभाळाची निळाई यायला हवी. हा गुलाबी कशाने झाला?" मग पेटीवर हिरव्या जिलेटिनचा तुकडा ठेवला. बगळा पांढरा झाला आणि संध्याकाळ खोटी पडली. आभाळ दाबायला लावलेला अर्धा राखाडी फिल्टर खरा राखाडी नव्हता; स्वस्तातले बरेच तसे नसतातच. हिरव्या झाकेवर मॅजेन्टा, निळीवर पिवळा, तांबडीवर सायन. ज्या तुकड्याखाली पांढरं पांढरं दिसेल तोच रोगाचा उतारा. डॉक्टरांनी फिल्टर बदलला. ओसरीवर यायचंही बंद केलं.

निळ्या झाकेवर मास्तर विशेष कडक असतात. दिवसाच्या उजेडासाठी केलेली फिल्म ५५०० केल्विनला जुळवलेली असते. सावलीत ऊन पोचत नाही, फक्त आभाळाचा उजेड येतो आणि तो कितीतरी निळा. आपला डोळा ती निळाई चुपचाप वजा करतो, फिल्मला तेवढा पाचपोच नसतो. उपाय म्हणून ८१ए किंवा ८१बी हा फिक्का पिवळसर फिल्टर लावायचा. हे सगळं त्यांनी एका द्राक्षबागायतदाराच्या पोराला सांगितलं. पोराने सकाळची बाग टिपून आणली होती, पानं निळसर दिसत होती. व्याख्यान संपल्यावर पोरगं हळूच म्हणालं, "मास्तर, आदल्या दिवशी बोर्डो मिश्रण फवारलं होतं. पानंच निळी होती."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मास्तरांनी पुन्हा भिंग लावलं. "मग मिश्रणात चुना कमी पडलाय. विळा बुडवून बघितला होता का? तांबूस थर आला असणार." पोरगं घरी गेलं, विळा बुडवला आणि आलं नेमकं तसंच. तेव्हापासून फवारणीच्या हंगामात मास्तरांकडे स्लाइडपेक्षा बोर्डोच्या बादल्या जास्त येतात.

हिरव्या झाकेचं प्रकरण असं सोपं सुटलं नाही. बँकेतला एक तरुण चांदोरीच्या बाजूने नदीचं चित्र घेऊन आला. व्हेल्विया ५० फिल्म, सूर्य बुडाल्यावर सोळा सेकंद शटर उघडं. चित्र हिरवं आलं होतं. मास्तर खूश झाले. इतका वेळ शटर उघडं राहिलं की या फिल्मचे तीन थर एका चालीने चालत नाहीत. कंपनीच्याच तक्त्यात चार सेकंदांना पाच पॉइंटचा आणि सोळा सेकंदांना दहा पॉइंटचा मॅजेन्टा फिल्टर सांगितलेला आहे. पुढच्या फ्रेमवरही त्यांनी तोच शेरा मारला. "ही दुपारी बाराची आहे, मास्तर. एकशेपंचवीसला."

मास्तरांनी सायकल काढली आणि पुलावर जाऊन उभे राहिले. २०१६ आणि २०१९ च्या पुरात याच पात्राने दोन्ही गावांत पाणी घातलं होतं. आता पाणी दिसतच नव्हतं. वरून येणाऱ्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली या काठापासून त्या काठापर्यंत गच्च बसल्या होत्या. परत येऊन त्यांनी वहीत नोंद केली: "फिल्म निर्दोष. किनार काळी. नदीलाच हिरवी झाक. फिल्टर उपलब्ध नाही." त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही समजावलं नाही.

पण स्वभाव जातो कुठे? गेल्या वर्षी त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टरांनी कावीळ सांगितली, तर मास्तरांनी आधी दवाखान्याची ट्यूब बदलायला सांगितली. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर नाइलाजाने झोपले. भेटायला येणारा प्रत्येक जण ती जुनी म्हण ऐकवायचा. मास्तरांनी उशाखालून अठरा टक्क्यांचं राखाडी कार्ड काढलं आणि रोज सकाळी खिडकीशी धरून बघितलं. "राखाडीच दिसतं! कावीळवाल्याला जग पिवळं दिसतं ही शुद्ध अफवा आहे." आजारातून उठल्यावर अशक्तपणापेक्षा या शोधाबद्दलच ते जास्त बोलत होते.

त्यांचं दुःख एकच. कोडॅक्रोमच्या फिल्ममध्ये रंग नसायचेच, ते धुताना आत घालावे लागत. त्यामुळे ती घरच्या न्हाणीत धुता येत नव्हती. २००९ मध्ये कोडॅकने ती बंद केली. शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराला दिला आणि २०१० मध्ये तो अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी धुतला गेला. त्यातल्या काही फ्रेम मॅकरीने मुंबईत टिपल्या. "मुंबईपर्यंत आला होता," मास्तर म्हणतात. "कसारा घाट चढायला काय झालं होतं? किनार तरी बघून दिली असती."

तुमच्याही माळ्यावर कुठे स्लाइडच्या पट्ट्या असतील तर काढून बघा. आधी किनार बघा, मग चित्रातलं काहीतरी पांढरं शोधा आणि त्यानंतर तो दिवस खरोखर कसा होता ते आठवा. एवढं करूनही झाक उरलीच तर खुशाल सायखेड्याला या. फक्त सदरा पांढरा किंवा राखाडी घाला. भडक सदऱ्याचा रंग पेटीवर उतरतो, म्हणून तसल्या माणसाची पट्टी मास्तर हातातसुद्धा घेत नाहीत.