बेटावरचा आंबेमोहर

मेव्हणा अंदमानला जाऊन आला आणि आमच्या घरातली शांतता संपली. तो राहतो पौड रोडला, म्हणजे कोथरूडात. मी राहतो खुद्द पौडात. हा रस्ता पुढं जातो तरी कुठं, याची चौकशी त्यानं आजवर केली नव्हती.

"तिकडं बेटांवर मगरी, नारळ! तुमच्याकडं काय आहे, दाजी?"

प्रश्न तालुक्याच्या इभ्रतीचा होता. "बेट आहे," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. मुळशी धरण भरलं की आतली टेकाडं बेटं होतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पुन्हा मुकाट्यानं टेकाडं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही होडीत बसलो. पाणीही बसलं. होडीवाल्या मामांनी मेव्हण्याच्या हातात डालड्याचा रिकामा डबा दिला. "उपसत ऱ्हावा, पाव्हणं." अंदमानात म्हणे लाइफ जॅकेट देतात.

मध्यावर मेव्हणा किंचाळला, "मगर!" दोन काळ्या नाकपुड्या फुस्स करत आमच्याकडं येत होत्या. त्यानं डबा टाकून कॅमेरा काढला. नाकपुड्यांमागून शिंगं आली.

"आजीची म्हस हाय. पल्याड गेलती, निघाली घरला," मामा म्हणाले. ती आमच्या आधी पोचली, तेही फुकटात.

बेटावर एक झाप, झापात आजी. मेव्हण्यानं विचारलं, "बेटावर कधी आलात?"

"आमी कुटं आलो? पानी आलं की भवतीनं!"

1921 साली सेनापती बापटांसोबत इथल्या मावळ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झालं, गावं बुडाली. तेच पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरतं आणि त्याची वीज मुंबईला जाते. आजीच्या झापात मात्र चिमणी होती.

जेवायला नाचणीची भाकरी, खेकड्याचं कालवण आणि भात. पातेल्यावरचं झाकण निघालं आणि आंब्याला मोहर फुटल्यासारखा वास झापभर पसरला. मेव्हण्यानं डोळे मिटले. "आंबेमोहर! बेटावरचा! पाच किलो घेऊन ठेवा, दाजी." एवढं बोलून, तीन वाढी संपवून, तो म्हशीचे फोटो काढायला गेला.

मी आजीला तांदूळ मागितला. ती हसली. "हितं कुटला भात, बाबा? खाचरं समदी पान्याखाली. टेकाडावर नाचनी नायतर वरई."

"मग हा?"

"पौडातनं आनलाय, पाव्हनं येनार म्हून."

तिनं पिशवी दाखवली. दुकानाचं नाव मी वाचलं नाही, गरज नव्हती. ते माझ्या घरासमोरच आहे. मी दोन किलो नाचणी घेतली आणि मुकाट्यानं होडीत जाऊन डबा हातात घेतला.

मेव्हणा आता कोथरूडभर बेटावरच्या तांदळाचं कौतुक सांगत फिरतो. दर महिन्याला त्याचा फोन येतो. मी चपला घालतो, रस्ता ओलांडतो आणि पाच किलो पाठवतो. होडीभाडं मात्र वेगळं लावतो.